पुसलेली जागा स्वच्छ झाली का?

प्रश्न: आमच्याकडे ३ महिन्यांचं पिल्लू आहे. घरी आणून तीन आठवडे झाले. दिवसातून चार-पाच वेळा बाहेर नेतो, तरी सोफ्यामागच्या एका ठरावीक कोपऱ्यात आणि बैठकीच्या खोलीतल्या गालिच्यावर शू करतंच. मी प्रत्येक वेळी फिनेल टाकून फरशी पुसते. घरभर फिनेलचा वास येतो, पण दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तिथेच. सासूबाई म्हणतात, नाक घासल्याशिवाय शिकणार नाही. नवरा एकदा जोरात ओरडला, तेव्हापासून ते आमच्यासमोर काही करत नाही, नजर चुकवून करतं. घरात रांगणारं बाळ आहे, त्यामुळे आजाराची भीती वाटते. गालिचा टाकून द्यावा का? आणि हे सगळं थांबणार कधी?

उत्तर: ताई, सुरुवात फिनेलपासून करते, कारण बाकीची बरीच गुंतागुंत तिथूनच सुरू झाली आहे.

फिनेल शूचा वास घालवत नाही. त्याच्यावर स्वतःचा वास चढवतं, घामेजलेल्या सदऱ्यावर अत्तर शिंपडावं तसं. आपल्या नाकाचं तेवढ्याने समाधान होतं, पिल्लाला मात्र दोन्ही वास वेगवेगळे कळतात. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साधारण ५०-६० लाख असतात, कुत्र्याच्या नाकात त्या २० कोटींच्या पुढे धरतात. त्यामुळे तुम्ही पुसून कोरडा केलेला कोपरा त्याला अजूनही जायची जागाच वाटतो, आणि तिथे बसताना आपण चुकतोय अशी शंकाही त्याला येत नाही.

फिनेल बंद करायचं आणखी एक कारण आहे. त्याच्या बऱ्याच प्रकारांत फिनॉलच्या जातीची रसायनं असतात. ती कातडीला झोंबतात आणि पोटात गेली तर कुत्र्या-मांजरांना विषारी ठरतात. पिल्लू ओल्या फरशीवरून चालतं आणि मग पंजे चाटतं. तुमचं बाळ हात टेकत रांगतं आणि तोच हात तोंडात घालतं. दोघांच्या वावरातून ते आजपासूनच काढून टाका.

आता पुसण्याची पद्धत. शू जमिनीवर तशीच असताना ओलं फडकं किंवा मॉप फिरवला, तर ती निघत नाही, पातळ होऊन पसरते. तोच मॉप बादलीत बुचकळून पुढच्या खोलीत नेला की तिचा अंश तिथेही पोचतो. मग आठवडाभराने आपण म्हणतो, आता याने नवीनच जागा धरली! म्हणून आधी कोरडं काम, मग ओलं. जाड कागदी रुमाल, वर्तमानपत्र किंवा जुन्या सुती कपड्याचे तुकडे शूवर ठेवा आणि नुसते दाबून टिपून घ्या. चोळू नका. डागाच्या कडेकडून मधे या, म्हणजे तो पसरत नाही. तुकडा ओला झाला की दुसरा घ्या, कोरडा राहीपर्यंत. त्यानंतर थोडं साधं गार पाणी टाकून पुन्हा टिपा. या कामाची फडकी वेगळी ठेवा, घराच्या बादलीत ती जाऊ देऊ नका. हे सगळं करताना पिल्लाला दुसऱ्या खोलीत ठेवलेलं बरं. ते फडक्याशी खेळायला येतं, क्लीनर चाटतं, आणि पुसण्याचा त्याला एक मजेदार खेळ वाटायला लागतो.

एवढ्याने शूतलं पाणी आणि क्षार बरेच निघतात, पण वास पूर्ण जात नाही. शूमध्ये युरिया असतो. जिवाणू त्याचं विघटन करतात आणि त्यातून अमोनिया तयार होतो, म्हणून ताज्या शूपेक्षा शिळा डाग जास्त उग्र येतो. शिवाय प्रथिनांसारखे इतर सेंद्रिय घटक पृष्ठभागाच्या छिद्रांत बसून राहतात. हवा दमट झाली की जुना वास पुन्हा जाणवतो तो यामुळे. इथे उपयोगी पडतो एन्झाइम क्लीनर, म्हणजे पाळीव प्राण्यांच्या डागांसाठी मिळणारा, विकरं किंवा ती तयार करणारे निरुपद्रवी जिवाणू असलेला द्रव. तो या घटकांचे तुकडे करून वासाचं मूळच संपवतो.

एन्झाइम क्लीनर आणूनही उपयोग झाला नाही, अशी तक्रार खूप जण करतात. बहुतेकदा त्यांनी तो फवारला आणि लगेच पुसून टाकलेला असतो. विकरांना वेळ लागतो आणि ओलावा लागतो. बाटलीवर लिहिलेला वेळ पाळा. साध्या फरशीवर १०-१५ मिनिटं, जुन्या किंवा खोल डागावर त्याहून बरीच जास्त. लवकर सुकत असेल तर वर ओलं फडकं पसरून ठेवा, मग आपोआप वाळू द्या. आणि तुमच्या कोपऱ्यात आधीपासून फिनेल मुरलेलं आहे, हे विसरू नका. जंतुनाशकाचा थर खाली असेल तर क्लीनरमधले जिवाणू मरतात, विकरांचं कामही मंदावतं. तो कोपरा आधी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन, टिपून घ्या आणि मगच क्लीनर टाका.

फरशी गुळगुळीत असली तरी फरश्यांमधले सांधे सच्छिद्र असतात आणि शू तिथेच मुरते. जुन्या दात घासायच्या ब्रशने क्लीनर सांध्यात घाला. भिंतीच्या कडेची पट्टी आणि सोफ्याचे पायही तपासा. पायाच्या खालच्या टोकाला पॉलिश नसेल तर ते लाकूड शू शोषून घेतं आणि तुम्ही फरशी कितीही घासली तरी वास तिथून येत राहतो. लाकडी जमीन असेल तर घाई करायची ती टिपण्यात, कारण फटीतून खाली गेलेली शू परत वर आणणं फार अवघड असतं.

एन्झाइम क्लीनर हाताशी नसेल तेव्हा पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घ्या. व्हिनेगर आम्ल आहे, त्यामुळे अमोनिया मारायला चांगलं. ताज्या डागाला पुरतं, शिळ्या डागाला कमी पडतं. संगमरवर किंवा चुनखडीच्या दगडाची फरशी असेल तर मात्र अजिबात वापरू नका, तिची चकाकी कायमची जाते. खाण्याचा सोडा वाळत आलेल्या गालिच्यावर किंवा गादीवर भुरभुरून रात्रभर ठेवला आणि सकाळी व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घेतला तर उरलेला वास बराच कमी होतो. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस काढायची पद्धत दिसायला छान वाटते, पण दोघं एकमेकांना निष्प्रभ करतात. वापरायचे तर एकामागून एक वापरा.

आणि एक गोष्ट कधीही करू नका. शूवर ब्लीच ओतू नका. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइनचा वायू तयार होतो, तो डोळ्यांना आणि फुप्फुसांना घातक असतो. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा टॉयलेट साफ करायचं आम्ल मिसळलं तर क्लोरीन निघतो. बंद खोलीत, रांगत्या बाळाच्या घरात, हा धोका पत्करायचं काहीच कारण नाही. अमोनिया असलेले काचा पुसायचे द्रवही त्या जागी नकोत. त्यांचा वास पिल्लाला शूच्या जवळचा वाटतो.

आता गालिचा. टाकून देऊ नका, पण आजच उचला. वरच्या धाग्यांवर तळहाताएवढा दिसणारा डाग खाली अस्तरात बराच मोठा असतो. वरवर फवारलेला क्लीनर तिथे पोचतच नाही. शू जितकी खोल गेली तितकंच खोल क्लीनर जायला हवं, म्हणजे डागाच्या बाहेर चार बोटं जागा धरून चिंब भिजवायचं, सांगितलेला वेळ ठेवायचं, मग वर जाड टॉवेलची घडी टाकून तिच्यावर चक्क उभं राहायचं आणि ओल शोषून घ्यायची. नंतर दोन्ही बाजूंनी हवा लागेल असं वाळवायचं. रंग जातो का ते आधी एका टोकाला बघून घ्या. गरम पाणी किंवा वाफेचं यंत्र वापरू नका. उष्णतेने प्रथिनं धाग्यात पक्की बसतात आणि वासही बसतो. जुने डाग सापडत नसतील तर रात्री दिवे मालवून अतिनील प्रकाशाचा छोटा टॉर्च फिरवा, शूचे डाग पिवळट-हिरवट चमकतात. ते खडूने आखून घ्या आणि मग दिवा लावा.

गालिचा धुऊन वाळला की गुंडाळून उंच ठेवा आणि पिल्लू पक्कं शिकेपर्यंत काढू नका. स्वच्छ गालिचासुद्धा पिल्लाला मोह घालतो. कोणत्या पृष्ठभागावर शू करायची याची आवड पिल्लांना फार लहान वयात लागते, आणि मऊ, शोषून घेणारा पृष्ठभाग त्यांना आवडतो, कारण पाय ओले होत नाहीत. पायपुसणी, न्हाणीघराबाहेरचा मॅट, जमिनीवर पडलेला टॉवेल, सगळं काही महिने वर राहू द्या. शू करण्यासाठीचे पॅड वापरत असाल तर माझा सल्ला आहे की बाहेर न्यायची सोय असलेल्या घरात ते टाळावेत. त्यांचा पोत गालिच्यासारखाच असतो, आणि मग घरात मऊ जागेवर केलेलं चालतं, असा धडा पिल्लू घेतं.

सोफ्याचे अभ्रे गार पाण्यात, सौम्य साबणात धुवा. मधे एन्झाइम क्लीनर लावून ठेवलात तर उत्तम. गादीवर क्लीनर बेताने, पण टिपणं भरपूर.

बाळाची काळजी रास्त आहे, आणि तिचा संबंध शूपेक्षा शीशी जास्त आहे. गोल जंत बऱ्याच पिल्लांना आईच्या पोटातूनच मिळतात. त्यांची अंडी शीतून बाहेर पडतात. दिलासा देणारी गोष्ट ही की ताज्या शीतली अंडी लगेच संसर्ग करू शकत नाहीत, त्यांना तयार व्हायला निदान दोन-तीन आठवडे लागतात. म्हणजे शी लगेच उचलली तर धोका जवळपास संपतोच. हातमोजे घाला, घट्ट भाग कागदाने किंवा पातळ पुठ्ठ्याने उचला, पातळ असेल तर खरवडून गोळा करा, आणि मग बाकी सगळं शूसारखंच. काम संपल्यावर साबणाने हात धुवा. पिल्लाला जंताचं औषध साधारण दुसऱ्या आठवड्यापासून सुरू होतं आणि लहानपणी पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. तुमच्या पिल्लाचं वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्या. लेप्टोस्पायरोसिस हा आजार शूतून पसरतो, म्हणून शू पुसतानाही हातमोजे हवेत, विशेषतः हाताला जखम असेल तर. आणि बाळ ज्या खोलीत रांगतं त्या खोलीत पिल्लाला एकटं मोकळं सोडू नका, एवढा नियम दोघांच्याही भल्याचा आहे.

लसीकरण पूर्ण न झालेल्या पिल्लाला रक्तमिश्रित जुलाब, उलट्या आणि मरगळ असं दिसलं तर साफसफाई मागे ठेवा आणि तासाभरातच डॉक्टर गाठा. पार्व्हो या विषाणूजन्य आजाराचा संशय असतो. पार्व्होचा विषाणू घरात महिनोन् महिने टिकतो. ब्लीचची गरज खऱ्या अर्थाने तिथेच पडते, तेही जागा आधी साबणाने स्वच्छ धुऊन, पाणी काढून टाकल्यावर, एक भाग ब्लीचला साधारण ३० भाग पाणी, १० मिनिटं ओलं ठेवून, खिडक्या उघड्या.

सासूबाईंचा मुद्दा. त्यांच्या बोलण्यात राग कमी आणि घराची, नातवंडाची काळजी जास्त असेल, हे मी समजू शकते. पण नाक घासल्याने पिल्लू काय शिकतं ते बघा. शू करून पाच मिनिटं झाल्यावर कुणी मान धरून नाक घासलं, तर त्याला त्या शूचा आणि शिक्षेचा संबंध लावता येत नाही. त्याला एवढंच कळतं की जमिनीवर शू आणि समोर माणूस, असं एकत्र आलं की मार बसतो. मग ते माणूस नसताना करतं. तुमच्या यजमानांच्या ओरडण्यानंतर नेमकं हेच झालं. याचा पुढचा तोटा जास्त मोठा आहे. असं पिल्लू बाहेर साखळीला असतानाही तुमच्यासमोर शू करत नाही, रोखून धरतं, आणि घरी येऊन सोफ्यामागे जातं. आपण म्हणतो, मुद्दाम करतंय.

‘पण त्याला चूक कळते, चेहरा बघा ना,’ असं सासूबाई म्हणतील. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ साली याचीच तपासणी प्रसिद्ध केली. मालक खोलीबाहेर असताना काही कुत्र्यांनी मना केलेला खाऊ खाल्ला, काहींनी नाही, आणि मालकांना मात्र काय घडलं ते कधी खरं, कधी खोटं सांगितलं. तो ओशाळा चेहरा खाऊ खाण्यावर अवलंबून नव्हता, मालक रागावला की दिसायचा. काही चूक नसताना बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांत तर तो जास्त स्पष्ट दिसला. तो चेहरा आपल्या रागाला घाबरल्याचा असतो. हे सासूबाईंना सांगा, आणि शक्य झालं तर पिल्लाला बाहेर शू केल्यावर खाऊ देण्याचं काम त्यांच्याकडेच द्या. रागावण्याऐवजी देण्याचं काम हाती आलं की घरातलं वातावरणच बदलतं.

शू करताना प्रत्यक्ष दिसलं तर हलक्या आवाजात ‘चल चल’ म्हणा, उचला, बाहेर न्या, उरलेली तिथे केली की कौतुक करा. नंतर सापडली तर त्याला काहीही सांगू नका. फक्त पुसा.

आणि आता थोडं स्पष्ट बोलते: चार-पाच वेळा बाहेर नेणं या वयाला खूप कमी आहे. ढोबळ हिशोब असा की वयाच्या महिन्यांत एक मिळवला तर तेवढे तास पिल्लू जास्तीत जास्त धरू शकतं. म्हणजे तुमचं पिल्लू चार तास, तेही झोपेत. जागं असताना, खेळताना, ताण येतो तो तासा-दोन तासांत. झोपेतून उठल्यावर लगेच, खाल्ल्यावर १५-३० मिनिटांत, खेळ संपल्यावर, पाहुणे आल्यावर, आणि रात्री झोपण्याआधी अगदी शेवटी, या सगळ्या वेळा बाहेर जाण्याच्या आहेत. दहा-बारा फेऱ्या सहज होतात. थकवणारं आहे, विशेषतः बाळ सांभाळून, म्हणून घरात वाटून घ्या. बाहेर एकाच जागी न्या, गप्प उभ्या राहा, त्याला हुंगू द्या. शू झाली की त्याच क्षणी कौतुक आणि खाऊ. घरात परतल्यावर दिलेला खाऊ शूचा नसतो, परत आल्याचा असतो.

इथे तुमच्या टिपलेल्या फडक्यांचा एक चांगला उपयोग आहे. शूने ओला झालेला एखादा कागद बाहेरच्या ठरवलेल्या जागी थोडा वेळ ठेवा. जो वास घरातून घालवायला आपण एवढी खटपट करतो, तोच तिथे त्याला बोलावतो. कागद नंतर उचलून आणा.

सोफ्यामागची वाट खोकी लावून बंद करा. कोपरा नीट साफ झाल्यावर, आठवड्याभराने, पिल्लाचं जेवण काही दिवस तिथेच द्या. खायच्या आणि झोपायच्या जागी घाण करणं कुत्री सहसा टाळतात. लक्ष ठेवता येत नसेल तेव्हा त्याला लहान जागेत, जाळीच्या कुंपणात किंवा पिंजऱ्यात, बिछाना घालून ठेवा, पण धरू शकेल त्यापेक्षा जास्त वेळ नाही. तिथेच नाइलाजाने करावी लागली तर तो टाळण्याचा स्वभावही मोडतो.

थांबणार कधी, याचं उत्तर: बहुतेक पिल्लांना मूत्राशयावर भरवशाचा ताबा चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान येतो, लहान चणीच्या जातींना आणखी वेळ लागतो. मधे एखादा आठवडा कोरडा जाऊन पुन्हा एखादी शू सापडली तर खचू नका. ती पद्धतशीर टिपा आणि फेऱ्यांची एखादी वेळ चुकली का ते बघा.

कुणी घरात आलं की वाकून, लोटांगण घालत थेंबथेंब शू होत असेल तर तो वेगळा प्रकार आहे. ती आनंदाची किंवा दबून गेल्याची शू असते, तिच्यावर त्याचा ताबा नसतो. तेव्हा त्याच्यावर वाकू नका, बाजूला बसा, आवाज खाली ठेवा. बहुतेक पिल्लांची ती वर्षभरात जाते.

दिवसभर थोडीथोडी शू, जोर लावणं, कण्हणं, रक्त, सारखं चाटणं किंवा झोपेत अंथरूण ओलं, यातलं काही दिसत असेल तर आधी डॉक्टर. मूत्रमार्गाचा संसर्ग असेल तर फेऱ्या आणि क्लीनर कितीही वाढवले तरी काही होणार नाही. जाताना सकाळची पहिली शू स्वच्छ, कोरड्या डबीत धरून न्या. पिल्लू बसलं की खालून एक उथळ झाकण सरकवलं तर सहज मिळते. तासाभरात पोचवता येणार नसेल तर तोवर फ्रीजमध्ये ठेवा.